ठेका थांबला नाही

आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही: अकोल्याच्या ज्या कार्यक्रमासाठी लोक मला अजून रस्त्यात थांबवतात, त्यात मी चुकलो होतो.

आम्ही चौघं अमरावतीकडच्या वराती वाजवून तयार झालेले. जॅझ शिकलो ते मोबाईलवर ऐकून ऐकून. मी सॅक्सोफोनवर, एक कीबोर्डवर, एक बेस गिटारवर, आणि ड्रमवर परतवाड्याचा माझा जुना सोबती. त्याचा हात साधा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेका. मला त्यात कमीपणा वाटायचा. बाकी दोघांना मी त्याच्यामागे सांगून ठेवलं होतं, अकोला झालं की याला काढू.

त्या दुपारी हॉल भरलेला. माझा सोलो रंगात आला आणि त्या भरात मी नकळत सॅक्सोफोन वर उचलला. वरातीत ती खूण असते: बँडमास्तरनं आपला वाजा वर केला की सगळ्यांनी एकदम थांबायचं. वर्षानुवर्षांची सवय. कीबोर्ड थांबला, बेस थांबला, आणि गाण्यात कुठे होतो तेच हरवल्यानं मीही थांबलो.

ठेका थांबला नाही. खूण त्यालाही दिसली होतीच. मान खाली, हात चालू. मागून म्हणाला, "वाजव ना बे. मी आहो ना."

मग मी पुन्हा ठेक्यात शिरलो. उशिरा आलो तरी तो तिथेच, घाईनं पुढे पळालो तरी तो तिथेच. सूर अर्धा सोडून श्वास घेतला, तरी पायाखाली जमीन होती. इतकं मोकळं मी कधीच वाजवलं नव्हतं. बेस परत आला, कीबोर्ड आला. मागच्या रांगा उभ्या राहिल्या आणि टाळ्यांनी त्याचाच ठेका धरू लागल्या. हॉल आम्ही जिंकला.

नंतर एक काकाजी स्टेजवर आले. "मधातच समदं थांबवाचं, हे तुमच्याच डोक्यातलं होय का?"

मी हो म्हणालो.

सोबती झांजा पुसत होता. हसला. "त्यालेच सुचते असं, काकाजी. आपल्याले नुसतं बडवता येते."

परतताना बाकी दोघांना एवढंच म्हणालो, ड्रमवर हाच राहील. आजही तोच आहे. आता लोक आधी त्याच्या ठेक्याबद्दल बोलतात, आणि मला ते ऐकायला आवडतं.

त्याला काढायचं मी ठरवलं होतं आणि त्यानंच मला सावरलं, हे दोन्ही त्याच्या तोंडावर सांगणं अजून बाकी आहे.