वाघदेवाच्या ढिगावरचा स्टोव्ह

हसणार नसाल तरच सांगतो. हसायचंच असेल, तर चहा संपवा आणि घरी जा!

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. गडचिरोलीकडच्या जंगलात कटाईच्या कॅम्पवर मी हंगामी कारकून होतो. स्वयंपाकी सोमाभाऊ, तोही हंगामीच. साहेबांनी पंपाचा नवाकोरा स्टोव्ह दिला आणि बजावलं, "शेकोटीपासून लांब ठेवा. काही पेटलं, तर उद्या कामावर येऊ नका."

मी चाळीस पावलं मोजली की हो! पायवाटेच्या वळणावर दगडगोट्यांचा ढीग दिसला. वर सपाट, आडोसा झकास. ढिगावरच्या सुक्या काटक्या झाडून साफ केल्या, स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं आणि चहापत्ती आणायला तंबूत गेलो.

परत येतो तो स्टोव्हजवळ एक काटकी. वाऱ्यानं पडली असेल म्हणून फेकली.

दूध घेऊन आलो, तर तीन काटक्या! आसपास चिटपाखरू नाही. दिवस मावळत होता, धुकं उतरत होतं. नुसता स्टोव्हचा सूंऽऽ आवाज. मग धुक्यात एक पाठ दिसली, हळूहळू लांब जाणारी. मी हाक मारली. मान वळली नाही. मी धावत शेकोटी गाठली.

"सोमाभाऊ, तिथी काटक्या कोन टाकून राह्यलं?"

"कुठी? त्या गोट्याच्या ढिगावर? अरे बापा! तिथी वाघानं मानूस नेला होता, बाबू. येनारा-जानारा वाघदेवाले काटकी टाकते अन् मांगं न पाहता जाते. नाई टाकली, त वाघदेव त्याच्या मांगं येते."

"मी त फेकल्या ना!"

"फेकल्या?" सोमाभाऊ ताडकन उठला. "काऊन फेकल्या? आता तुमीच टाका एक. पयले जा!"

मी हाताला लागलं ते लाकूड उचललं, पळत गेलो, डोळे मिटून ढिगावर भिरकावलं आणि मागे न पाहता सुटलो. पाठीमागे भप्पकन उजेड झाला. वाटलं, आला वाघदेव! मी साहेबांच्या तंबूत शिरून सरळ त्यांच्या खाटेखाली.

सोमाभाऊनं ओलं घोंगडं टाकून जाळ विझवला. साहेबांनी मला ओढून बाहेर काढलं. "शेकोटीपासून लांब ठेवायला सांगितलं होतं ना?"

"चाळीस पावलं लांब ठेवला होता, साहेब!"

"खरं हाय, साहेब," सोमाभाऊ म्हणाला. "मंग पेटतं लाकूड शेकोटीतून या बाबूनंच नेलं तिथी!"

साहेब इतके हसले, इतके हसले, की माझी नोकरी वाचली. कायम मात्र सोमाभाऊ झाला.