चार हातांची आई

शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर. लातूर जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. हजर: संस्थेचे सचिव, आमचे ड्रॉइंगचे सर, आठवीतली एक मुलगी, तिची आई आणि इतिवृत्त लिहायला मी. मुख्याध्यापक रजेवर. अशा बैठकींना ते रजेवरच असत.

सर एक डोळा मिटून समोर बघत होते. ही त्यांची खोडच. त्या दिवशी समोर सचिव होते, म्हणजे चित्रासाठी मापं त्यांचीच चालली असणार.

"बघितलंस का कधी?" हा सरांचा ठरलेला प्रश्न. पोरं दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी काढत. सर म्हणत, "नदीत पाणी? बघितलंस का कधी?" पोरगं निमूट नदी खोडून टाकी. ते डोंगर तुम्हीही काढले असतील. आपल्याला कुणी विचारलं नाही, एवढंच.

मग सरांनी कुठल्याशा मासिकातलं एक चित्र वर्गात चिकटवलं. बाईच्या एकाच गालावर दोन्ही डोळे.

मी विचारलं, "सर, हिला काय झालं?"

"काही न्हाई बाई. इकडंबी बघून राहिली, तिकडंबी."

शिक्षकांच्या खोलीत आम्ही आठवडाभर हसलो. वर्गातल्या पोरी हसल्या नाहीत. एकीनं टँकरवर पाणी भरणारी आपली आई काढली. हात चार, प्रत्येक हातात घागर. सरांनी ते व्हरांड्यात लावलं आणि एका पालकाची तक्रार आली: देवीची चेष्टा केली. त्यावरच ही बैठक.

सचिव म्हणाले, "हे मॉडर्न आर्ट मोठ्या माणसांनी बघावं. शाळेत फुलदाणी शिकवा. ते चित्र उतरवा, नाहीतर आपल्या बिलोलीच्या शाळेत जा."

सरांची लेक आमच्याकडेच दहावीला होती. घरात दुसरं माणूस नव्हतं. बिलोली त्यांना झेपणारी नव्हती. गप्प बसायचं सोडून ते म्हणाले, "फुलदाणी कुणाच्या घरी हाय साहेब?"

सचिवांच्या घरी होती.

त्यांनी मुलीच्या आईला पुढं बोलावलं. "तुमचं असलं चित्र भिंतीवर लावलंय. राग नाही आला?"

ती जवळ जाऊन बघत राहिली. "ध्यानच दिसून राहिले मी."

सचिव खूश झाले. तेवढ्यात तिनं हात मोजले. "अन् कडंवरचं लेकरू कोण धरावं? एक हात कमी पडला की वो."

सरांचा मिटलेला डोळा उघडला. ते मुलीला म्हणाले, "ऐकलंस ना? येत्या शनिवारी पाचवा काढू. कुठून काढायचा, ते बघू दोघं."

इतिवृत्तात मी लिहिलं: चर्चा झाली.

पुढच्या शनिवारी सर बिलोलीला होते, लेक मावशीकडे, आणि त्यांच्या तासाला मी, सचिवांची फुलदाणी घेऊन. ती मुलगी टेबलाशी आली. "बाई, पाचवा हात खांद्यातून काढू का कंबरंतून?"

मला कुठलं ठाऊक. सरांना विचारून सांगते म्हणाले.

सर परत आले नाहीत. ती मुलगीही शाळा सोडून गेली. व्हरांड्यातून उतरवलेलं चित्र माझ्या कपाटात आहे. पाचवा हात काढायचा राहिला आहे.