आम्हा दोघींचा बाजार

आमच्या घरात सासूबाईंच्या बाजाराची थट्टा चालायची. आमच्या डिंगोऱ्याहून ओतूर जवळ, पण त्या ओतूरचा बाजार सोडून एसटीने नारायणगाव गाठायच्या आणि संध्याकाळी पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी घेऊन उतरायच्या. तीही आमच्याच वाफ्यात कोथिंबीर तरारलेली असताना. धाकटे दीर म्हणायचे, "आईची जुडी लई महाग पडती राव, तिकिटासकट." त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मी नवी सून, पदराआड हसून घ्यायचे.

त्यांना मी आत्या म्हणायचे. बाई अबोल. माझं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि शेळीला पाला टाकायला निघून गेल्या. दुसऱ्या खेपेला गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता, तरी सातव्यातच मोकळी झाले. ते पोर रडलं. मी कानांनी ऐकलं. मग रडणं थांबलं. तेव्हाही आत्या काही बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचा फार राग आला. मी मुळातच तापट. मनातल्या मनात त्यांच्याशी रोज भांडायचे आणि प्रत्येक भांडण मीच जिंकायचे.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. टीव्हीवर दागिने घालून झोपणाऱ्या हिंदी सासवा आल्या होत्या. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवीचं तोंड याही वेळी आखूड होत चाललंय. म्हणाल्या, या खेपेला रिंग बसवून बघू. पुण्याहून मागवलेली मऊ वस्तू, वाटीसारखी, मधोमध भोक. ती पिशवीच्या तोंडाभोवती बसते आणि बाळाचा भार नेमका तिथे येऊ देत नाही, असं त्यांनी समजावलं. "काहींना उपयोग होतो, काहींना नाही. शब्द देत नाही मी." बसवताना दुखलं थोडं, लाज वाटली जास्त. नवव्या महिन्यात ती काढायची होती. हे पोर तिथवर टिकावं, एवढंच मला हवं होतं.

घरात ह्यांच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे रिंग म्हटलं की अंग बाहेर आलेल्या वयस्कर बायका, आणि त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

एका दुपारी न्हाणीत गेले तर परकर ओला. पाणी गेलं असं वाटून मी भिंतीला धरून तिथेच बसले. हेही चाललं. तेवढ्यात आत्या बादली न्यायला आल्या.

"रिंग बसवलीय ना तुला?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तू बसतीस कशी, ते दिसतं मला." त्यांनी वाकून परकराचा काठ बघितला. "ह्ये पानी न्हाई वाटत. रिंग आसली की पांढरं जातं. मलाबी जातं. पर चल, डॉक्टरनीला दाखवू, म्हंजी तुजा जीव थाऱ्यावर येईल. जीपनं नको, लई गचके बसत्यात."

एसटीत खिडकीकडे तोंड करून त्या बोलल्या. धाकट्या दिरांच्या वेळच्या बाळंतपणात घरात दुसरी बाई नव्हती. बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा हंडा उचलला. काहीतरी खाली आल्यासारखं वाटलं, ते कायमचंच. कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. पुढे याच डॉक्टरीणबाईंनी रिंग बसवली. दर काही महिन्यांनी ती काढून, धुऊन परत बसवून घ्यायला त्या नारायणगावला जायच्या.

"आन कोथिंबीर?" मी विचारलं.

"रिकाम्या पिशवीनं कसं यायचं घरी?"

मला आधी हसू आलं, मग रडू आलं. कंडक्टर तिकीट फाडायचं थांबला. त्या दिवशी रिंग जागेवर होती, बाळ बरं होतं. येताना आम्ही दोन जुड्या घेतल्या.

पण घरी आल्यावर आत्या चुंबळ घेऊन पाण्याला निघाल्या आणि मला ते बघवेना. म्हटलं, "तुमीबी उचलायचा न्हाई." त्या थांबल्या. ओट्यावर दोघे लेक बसले होते. त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आरं, उठा. आजपासनं पानी तुमी आनायचं."

"का बरं?"

"मी म्हनती म्हनून."

नळकोंडाळ्यावर बायकांची चांगलीच करमणूक झाली. ह्यांना डोक्यावर हंडा पेलेना, ते खांद्यावर घेऊन अर्धे भिजून यायचे. दीर गावभर सांगायचे, "आमच्यात बायकांचं राज्य आलंय राव." कारण त्यांना कधीच कळलं नाही.

माझ्या संसारातले सगळ्यात गोड दिवस मला तेच वाटतात. तपासणीला आम्ही दोघीच जायचो. स्टँडसमोर भेळ खायचो, आत्या त्यातले शेंगदाणे वेचून माझ्या हातावर ठेवायच्या. भीती रोजचीच होती, पण आता ती दोघींची होती. सातवा सरला त्या सकाळी त्यांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला आणि नेहमीसारख्या शेळीकडे गेल्या. त्या तिकडे का जातात, ते मला तेव्हा कळलं. गोठ्याच्या कुडाआडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

नवव्यात रिंग काढली. पुढच्या आठवड्यात मुलगी झाली, भरल्या दिवसांची. ती रडायला लागली आणि मी ते रडणं थांबेल म्हणून अंग चोरून पडून राहिले. ती थांबलीच नाही. बाहेर आत्या कुणाला तरी सांगत होत्या, "ऐका, कशी वरडती ती."

सव्वा महिना माहेरी, येडगावला राहून परत आले. आल्या संध्याकाळी सवयीने चुंबळ घेतली आणि हंड्याला हात घातला. आत्या नातीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी दीर.

"ठेव त्यो खाली."

"आता बरी हाये मी आत्या."

"मीबी बरीच व्हते. मला कुणी ठेव म्हनलं न्हाई, म्हनून तुला सांगती."

मी हंडा खाली ठेवला. दीर उठले, तो खांद्यावर घेतला आणि नळावर गेले.