चहापर्यंतची शाल

माणूस जन्माला येतो तो सत्कार करून घेण्यासाठी, आणि मधल्या काळात तो थोडंफार क्रिकेट खेळला तर सोय होते, अशी आमच्या धाकट्या भाऊजींची पक्की समजूत होती. भाऊजी म्हणजे माझे दीर. त्यांनी लग्न केलं नाही, कचेरीत कारकुनी केली, आमच्याकडेच राहिले आणि उरलेला सगळा जीव नगरच्या एका क्रिकेट क्लबात घातला. या क्लबाकडे एक चटई होती, दोन बॅटी होत्या आणि एक इतिहास होता. चटईला भोकं पडली, बॅटींना सुतळी गुंडाळावी लागली. इतिहास मात्र दरवर्षी वाढत गेला.

इतिहास म्हणजे एकच सामना. भाऊजींच्या तरुणपणी आमच्या क्लबाने कॅम्पातल्या गोऱ्या पलटणीशी खेळलेला, आणि हरलेला. जेवायला बसले की भाऊजी ताटाभोवती वाट्या पसरत. आमटीची वाटी बोलर, कोशिंबिरीची विकेटकीपर. "वहिनी, चटणी जरा मागे घ्या, तिथे आपलं कोणी उभं नव्हतं." आमटी गार होऊन जाई, पण बोलर जागचा हलवायची सोय नसे. सुरुवात ठरलेली असे: "त्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं होतं. उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती." शेवट मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. गोऱ्या कप्तानाने चेंडू उंच मारला, इथवर आले की भाऊजी ताक मागत. तो झेल कुणाच्या हातून सुटला हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी ताक वाढत असे.

त्या सामन्यातले अकरा जण म्हणजे क्लबाचे थोर खेळाडू, असं भाऊजींनी परस्पर ठरवून टाकलं, आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांतल्या एकदोघांना शाल-नारळ देण्याचा प्रघात पाडला. भाषण अर्थातच त्यांचं. पहिल्या भाषणात ज्याच्या आठ धावा होत्या, त्याच्या दोन-तीन संक्रांतींत अठ्ठावीस झाल्या. मी टोकलं, तर म्हणाले, "वहिनी, जिवंत माणसासमोर एकेरी आकडा बरा दिसतो का?"

मग लढाई आली, कापड रेशनवर गेलं आणि शाली कुठून आणायच्या हा प्रश्न पडला. भाऊजींनी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं. माझी माहेरहून आलेली तांबडी शाल दुसऱ्या दिवसापासून 'क्लबाची शाल' झाली. ती द्यायची नव्हती, फक्त घालायची होती. शाल पांघरताना भाऊजी सत्कारमूर्तीच्या कानाशी वाकत. लोकांना वाटे, गहिवरून काही बोलताहेत. ते म्हणत असत, "चहापर्यंत हं." चहा आला की माणूस बशीत ओतायला वाकतो, तेवढ्यात मागून शाल उचलायची. एका पेन्शनर मास्तरांना या गडबडीत जबर ठसका लागला, पण शालीवर चहाचा डाग पडला नाही, याचं भाऊजींना समाधान होतं. आम्ही बायका हळदीकुंकवाला वाण लुटतो. दाराबाहेर पडणाऱ्या बाईच्या हातातून कुणी कंगवा परत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. तसं मी बोलून दाखवलं. भाऊजी म्हणाले, "कंगव्याला रेशन नाही, वहिनी."

दहावा सत्कार विकेटकीपर कासमभाईंचा. कासमभाई घोड्यांची खोगिरं शिवत. त्यांनी भिंतीला पाठ टेकून, अजिबात न वाकता, कपानेच चहा घेतला आणि शालीसकट घर गाठलं. भाऊजी बघत राहिले. वर्षभर त्यांनी शाल मागितली नाही. "एवढ्या थोर विकेटकीपरकडे मागायची कशी?" म्हणत. शाल माझी गेली होती, हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला क्लबाचे नवे सेक्रेटरी आले. तरुण वकील, केसांचा भांग कडक. ते घरी येऊन म्हणाले, "काका, यंदा सत्काराला फाटा देऊ. शाल तर नाहीच, आणि आता सत्काराचं उरलंय तरी कोण?"

"हो, तसं कोणी उरलं नाही," भाऊजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

त्या रात्री जेवताना वाट्या मी ठेवल्या तिथेच राहिल्या. अकरांतून दहा गेले की किती उरतात, एवढं मला येतं. दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या आणि कासमभाईंच्या दुकानी गेले.

"कासमभाई, माझी शाल?"

"हाय की, भाबी. कापूर टाकून ठेवलीय."

"मग वर्षभर दिली का नाही?"

"त्याच्या हाती दिली तर त्यो साऱ्या नगराला पांघरंल, सोताला न्हाई. आता पाळी त्याचीच ना? मग शाल दुसऱ्याकडं नको?"

"पण सेक्रेटरी सत्कारच नको म्हणतात."

"त्यांचं तुमी बघा. चहाचं माझ्याकडं लागलं."

सेक्रेटरींनी मला क्लबाचे नियम सांगितले. त्यांच्या आईला मी ओळखते, एवढंच मी त्यांना सांगितलं. सत्कार ठरला. भाऊजींना कुणी काही बोललं नाही. रविवारी ते नेहमीसारखे सतरंज्या घालायला गेले, आणि कासमभाईंनी त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

"मला भाशन येत न्हाई," कासमभाई म्हणाले. "कॅच ह्यानं सोडला, समद्यांना ठावं हाय. पन मी स्टंपांमागं हुतो. मी बघितलंय. ऊन आलं हुतं ह्याच्या डोळ्यांत."

त्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. चूक दुरुस्त करायला भाऊजींनी तोंड उघडलं, आणि मिटलं. कुणी हसलं नाही. सेक्रेटरी उगाच वर आभाळाकडे पाहत राहिले. कासमभाईंनी शाल पांघरली आणि भाऊजींच्या कानाशी वाकले. मी पुढेच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आज चहा न्हाई ठेवला."

भाऊजी ती शाल पांघरून भर दुपारी घरी चालत आले. ओसरीवर बसले, एक पदर मुठीत धरून. मग म्हणाले, "वहिनी, शाल तुमची आहे. माझ्या लक्षात आहे."

"बरं," मी म्हटलं, आणि दिवस कलला तशी सवयीने चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मग ते उतरवलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणालाच चहा मिळाला नाही.