डब्यावरचा वेग

आमच्या आत्याला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. तो जितका खाली जाई तितकी समोरच्याची धडगत नसे. ताजे म्हणून घेतलेले बांगडे शिळे निघाले, की ती तीच पिशवी घेऊन कोळणीकडे परत जायची आणि हळूच म्हणायची, “बोललीस तेवढं दे. जास्त नको मला.” रेवदंड्याच्या बाजारात तिला पाहून लोक माल आपणहून उलटापालटा करून दाखवत.

इतकी चौकस बाई एकदाच फसली. ती घरबसल्या अलिबागच्या एका आर्किटेक्टसाठी बंगल्यांचे नकाशे काढायची. मुंबईकरांना घर कॉम्प्युटरवर सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचं असतं, म्हणून तिने नवा कॉम्प्युटर घेतला. दुकानदार आमच्याच आळीतला, दुकान अलिबागला, खरेदी दसऱ्याची. मुहूर्ताच्या वस्तूला नाट लावू नये, म्हणून तिने काहीच तपासलं नाही. हळदकुंकू वाहिलं, मेमरीचा रिकामा डबा जपून ठेवला आणि कामाला बसली. सेटिंगला हात लावू नका, असं दुकानदाराने बजावलं होतं.

पुढे आर्किटेक्ट साहेबांची कुरकुर सुरू झाली. पडद्यावरचं घर वळताना अडखळायचं, गिऱ्हाईक कंटाळायचं. साहेब गोड बोलून म्हणाले, “बाई, आता वय झालं, आराम करा.” आणि एकेक काम पनवेलच्या दुसऱ्या कोणाकडे जाऊ लागलं. मला साहेबांचा राग येतोच, पण जास्त राग याचा येतो की आत्याला ते पटलं. बाजार हलवणारी ही बाई माउसवरच्या आपल्या बोटांकडे बघत बसायची. हात राहिला नाही गं पहिला, असं मला फोनवर सांगायची.

गणपतीला गेले तेव्हा मी कॉम्प्युटर सुरू करून तपासला. डब्यावर मेमरीचा वेग बत्तीसशे छापलेला, आणि ती चालत होती एकवीसशेवर. अशी मेमरी बसवली की आधी सावध, कमी वेगानेच चालते. छापलेला वेग हवा तर कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. एका बटणाचं काम. तिच्या कॉम्प्युटरमध्ये चित्रांचं वेगळं कार्ड नव्हतं, त्यामुळे घर फिरवण्याचा सगळा भार त्याच मेमरीवर. मी हे समजावलं. आत्याने डबा उचलून त्यावरचा आकडा वाचला. मग म्हणाली, “म्हणजे मी हळू नव्हते.”

दुसऱ्या दिवशी रिक्षात पायाशी कॉम्प्युटर, मांडीवर डबा, अशी आमची वरात अलिबागला गेली. दुकानदार हसून म्हणाला, “आत्या, तो वेग लिहायला हाय. चालू केलात नि काय झालं तर आमची जबाबदारी न्हाय.”

आत्याचा आवाज खाली गेला. “पाववाल्याने पाव अर्धा कच्चा द्यायचा, आणि पुरता भाजून मागितला तर म्हणायचं, करपला तर तुमचं नशीब? छापायचं तुम्ही, विकायचं तुम्ही, आणि जबाबदारी माझी?”

दुकानातली माणसं वळून बघू लागली. त्याने मुकाट्याने सेटिंग बदललं. आत्या खुर्ची ओढून बसली, तिने आपला बंगला पडद्यावर आणला आणि गरागरा फिरवला. कुठे अडखळला नाही. मग कोणाकडेही न बघता ती उठली.

तिथून आम्ही तडक साहेबांकडे गेलो. तिने त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी चहा पाजला, वा वा केलं, आणि कामं आता पनवेललाच लागली आहेत म्हणाले. एकही काम परत आलं नाही. तरी ती रोज बसायची, कोणी न मागितलेले बंगले काढायची. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

तेराव्याला साहेब आले. पोटभर जेवले आणि बाबांना म्हणाले, “बाईंचं काम फार सुबक. शेवटी शेवटी जरा हळू झाल्या होत्या, वयच तसं.” बाबा डोळ्यांनी मला दटावत होते. मी आत्याचा कॉम्प्युटर सुरू केला, तिने काढलेला शेवटचा बंगला पडद्यावर आणला आणि साहेबांपुढे खुर्ची सरकवली.

“बसा. फिरवून बघा,” मी म्हणाले. माझा आवाज उतरला होता.