झोपडी उतरवताना

मी सिडनीत सिनेमाच्या सेटची ड्रॉइंग काढते. मूळची वसईची, शिकले आर्किटेक्चर. इथे आल्यावर पॅरामॅटा उपनगरातल्या एका ऑफिसात तीन वर्षं नुसते बाथरूमचे नकाशे काढले आणि कंटाळून या कामात शिरले.

मागे एका सिनेमासाठी आम्ही थायलंडच्या सीमेवरची निर्वासितांची छावणी उभी करत होतो. शहराबाहेरच्या माळावर बांबूच्या अकरा झोपड्या. फोटो बघून ड्रॉइंग मीच काढली होती, आणि मला त्यांचं भारी कौतुक होतं.

गर्दीच्या सीनसाठी माणसं बोलावली होती, त्यांत एक आजोबा आले. म्यानमारमधून पळालेले, अशाच छावणीत वीसेक वर्षं काढून ऑस्ट्रेलियात पोचलेले. बरोबर नात होती, युनिव्हर्सिटीत शिकणारी. ती त्यांचं बोलणं आम्हाला इंग्रजीत सांगायची. आजोबा एका झोपडीत शिरले, लगेच बाहेर आले आणि तिला काहीतरी म्हणाले. ती ओशाळली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतायत, घर सुंदर आहे. पण इथे कोणी राहत नाही."

मला रागच आला. आमचा मुख्य सुतार मात्र हातातलं ड्रिल खाली ठेवून पुढे आला. चाळीस वर्षं या कामात मुरलेला, कुणाचं सहसा न ऐकणारा माणूस. "बरं, मित्रा," तो म्हणाला, "मग काय चुकलंय ते दाखव."

आजोबांनी दाखवलं. चूल होती, पण वरचं छप्पर कोरं करकरीत. वीस वर्षांचा धूर कुठे गेला? भोवती चर नव्हता, म्हणजे पहिल्याच पावसात पाणी अंथरुणात. झोपड्या मी एका ओळीत, फूटपट्टीने आखल्यासारख्या मांडल्या होत्या. "बहिणीचं दार बहिणीकडे तोंड करून असतं," ते म्हणाले. "पोरं कोणाकडेही जेवतात." मग दाराच्या आत, हात पोचेल अशा उंचीवर त्यांनी बोट ठेवलं. "इथे पिशवी. कागद, तांदूळ, औषधं. पळायची वेळ आली की न बघता हाताला लागली पाहिजे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ती पिशवी मला एकाही फोटोत दिसली नव्हती, किंवा दिसूनही कळली नव्हती.

गर्दीच्या कामाऐवजी आम्ही त्यांना आमच्याच टीममध्ये घेतलं. पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी यायचे. कोयत्याने बांबू चिरून पातळ पट्ट्या काढायचे, त्या पाण्यात भिजवून सांधे बांधायचे. सुताराला ती गाठ जमेना. आजोबा त्याचा हात धरून पुन्हा पुन्हा करून घ्यायचे, आणि एका दुपारी त्याने आपले सगळे स्क्रू काढून पहिल्यापासून झोपडी बांधली. तोवर दोघांना नातीची गरज उरली नव्हती.

शूटिंग संपलं. सेट पाडायचा होता. आमच्याकडे ते काम यंत्राने तासाभरात उरकतं, बांबू मोडून कचऱ्यात जातो. हे आजोबांना सांगायचं कोणी, यावरून आमची चुळबूळ चालली. शेवटी मीच गेले.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग नातीमार्फत म्हणाले, "माझं गावातलं घर सैनिकांनी जाळलं. दुसरं जंगलात टाकून पळालो. छावणीतलं सोडलं तेव्हा बस उभी होती, मागे वळून बघायलाही वेळ मिळाला नाही. हे एक तरी मला माझ्या हाताने उतरवू दे."

सुताराने यंत्र परत पाठवलं. दोन दिवस आम्ही सगळे गाठी सोडत बसलो. आजोबा प्रत्येक बांबू पुसून रचत होते, मधेच काहीतरी गुणगुणत होते. नातीला मी विचारलं, तर ती म्हणाली, "मलाही माहीत नाही. मी हे कधी ऐकलंच नव्हतं." आणि ती त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली, त्यांना एकेक ओळ पुन्हा म्हणायला लावत.

संध्याकाळी ते मोकळ्या जागेकडे बघत उभे होते. मी जवळ जाऊन "थँक यू" म्हटलं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. तळवे बांबूच्या सालीने खरखरीत झाले होते, माझेही. त्यांनी ते बघितलं आणि खुदकन हसले.