पदराखालचा भाव

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं, आणि हे कळायला मला काठमांडूपर्यंत जावं लागलं.

सासरे साखरा गावचे. उमेदीत बैलबाजारात दलाली करायचे. बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, दाबतात आणि भाव ठरतो. भोवती कितीही माणसं असोत, कुणाला पत्ता लागत नाही. लग्नानंतर त्यांनी मला ही बोटं शिकवली, तेव्हा म्हणाले होते, "जावईबापू, ही विद्या तुमच्याशिवाय मी कुणालाच दिली न्हाई." त्याच विद्येवर मी उभा राहिलो. पुढं बैल सोडून हळदीत शिरलो, हिंगोलीत दुकान टाकलं. आता बाजारात मी दिसलो की भलेभले आधी चहा मागवतात, मग भाव बोलतात.

गेल्या वर्षी बायको म्हणाली, नेपाळ बघायचं. वारंगा फाट्यावरून एक सहलीची बस निघणार होती. सोबत आचारी, ज्वारीचं पीठ, ठेचा. बसलो.

काठमांडूच्या जुन्या राजवाड्यासमोर मी गप्प झालो, हे बायकोनं सगळ्यांना बोलावून दाखवलं. विटांच्या भिंती, आणि त्यांत काळ्या लाकडाच्या खिडक्या अशा कोरलेल्या की बोट फिरवत राहावंसं वाटावं. त्या सुतारानं जो भाव सांगितला असता, तो मी निमूट दिला असता. असं मी आजवर कुणाबद्दल म्हटलेलं नाही.

चौकाच्या कडेला एका बाईचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. तिथला एक दिवा बायकोच्या मनात भरला. पोटात तेल साठवायची जागा, पुढं वात, मागं गणपती. मी बाह्या सावरल्या आणि हिंदीत सुरू झालो. आमची अख्खी बस मागं गोळा झाली. मी भाव पाडायचो, बस हसायची, दुकानदारीण गोड हसून मान हलवायची. "नहीं होगा, दाजु." दाजु म्हणजे थोरला भाऊ. भाऊही म्हणते आणि उतरतही नाही! माझं डोकं फिरलं. दिवा ठेवला आणि तडक चालू लागलो.

हे आमचं ठेवणीतलं हत्यार. हिंगोलीत गिऱ्हाईक उठलं की तिसरं दुकान यायच्या आत मागून हाक येतेच. मी तिसरं दुकान ओलांडलं. चौथंही ओलांडलं. मुद्दाम चप्पल झटकली. शेवटी देवळाच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो. कबुतरं आली, हाक काही आली नाही.

वळून पाहिलं तर दुकानात बायको उभी, आणि तिनं आपला पदर दुकानदारणीच्या हातावर टाकलेला! ती बाई आधी दचकली, मग हसली. पदराखाली हालचाल सुरू झाली; बोटं मोजायला भाषा कशाला लागते? बस दोघींच्या तोंडाकडं बघत होती आणि दोघींची तोंडं बंद होती.

थोड्या वेळानं बायको दिवा काखेत मारून आली.

"कितीला?" मी विचारलं.

"हाताखालचा भाव सांगत नसतात. तुमीच म्हणता ना?"

"माझं ऐकलं न्हाई, तुझं काहून ऐकलं तिनं?"

"तुमी समद्या बसपुढं ओरडून राहिले होते. तुमाला उतरवून दिलं असतं तर ह्या समद्यांना त्याच भावात द्यावं लागलं असतं. ती काय येडी हाय?"

बैलबाजाराचा पहिला धडा हाच. विकणाऱ्याला गुपचूप उतरता यावं म्हणून हात झाकायचे. मला वाटलं, तो धडा बैलांपुरता. मागून आमच्या बसमधल्या पाचसहा जणांनी तसलेच दिवे घेतले, बाईनं सांगितलेल्या भावात. एक जण तर मलाच म्हणाला, "शेठ, तुमी घासाघीस केली म्हणून कळलं, भाव पक्का हाय."

"तुला बोटं शिकवली कुणी?" मी बायकोला विचारलं.

"बाबांनी. गोठ्यात, लहान होते तवा."

म्हणजे माझ्या कितीतरी आधी! आणि इतकी वर्षं मी हिच्यासमोर रुमाल झटकत मिशीवर ताव देत होतो.

परत आल्यावर दिवा घेऊन आम्ही थेट साखऱ्याला गेलो. मी उंबऱ्यातूनच आवाज चढवला, "मामा, मलाच शिकवलं म्हणाले होते ना?"

सासऱ्यांनी दिवा फिरवून पाहिला, टिचकी मारली. "बराबर हाय माल. कितीला पडला?"

बायकोनं त्यांच्या उपरण्याखाली हात घातला. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले, आणि हसून हसून त्यांना असा ठसका लागला की पाणी मीच आणून दिलं.

दिवा आता माझ्या देवघरात जळतो. त्याचा भाव काठमांडूत माहीत आहे, साखऱ्यात माहीत आहे, हिंगोलीत मला माहीत नाही. म्हणून चारचौघांत विचारतो. मामा, माझ्याशी खोटं काहून बोललात? आणि तो भाव किती होता? दोन्हीचं उत्तर द्या, आणि तोंडानं द्या.